सवाईच्या रात्री

बियाणे, खते आणि रोगकिडी यांविषयी आपण या सदरात नेहमीच बोलतो. आज थोडे गाण्याविषयी. गव्हाचे पहिले पाणी झाले, कांद्याची लागवड सुरू झाली, की मला पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव आठवतो. तीसएक वर्षे मी तिथे जातो आहे.

सवाई गंधर्व म्हणजे धारवाडकडच्या कुंदगोळचे रामभाऊ, किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य. १९५२ साली ते वारले आणि १९५३ पासून भीमसेन जोशी यांनी गुरूच्या स्मरणार्थ हा उत्सव सुरू केला. अकराव्या वर्षी गुरू शोधण्यासाठी घर सोडलेला हा माणूस पुढे पन्नासहून अधिक वर्षे हे गुरुऋण फेडत राहिला. गंगूबाई हनगल आणि फिरोज दस्तूर ही गुरुभावंडेही त्या मंचावर गायिली.

पूर्वी हे गाणे रात्रभर चाले. आपल्यासारख्यांची त्यात मोठी सोय होती. नगरहून संध्याकाळी पोहोचेल अशी एस.टी. धरायची, भाकरी बांधून न्यायची, भारतीय बैठकीचे तिकीट काढून सतरंजीवर बसायचे आणि सकाळी परतीची गाडी गाठायची. लॉजचा खर्च नाही, पाहुण्यांना त्रास नाही. राहुरीकडचा एक कांदावाला शेतकरी माझ्याबरोबर येई. पहिल्या वर्षी मी त्याला म्हटले, जागरण झेपेल ना? तो म्हणाला, "साहेब, रात्रीच्या लायटीवर दारे धरताना जागतोच की. इथं तर बसून जागायचंय."

त्याला रागांची नावे येत नव्हती. पण मालकंस सुरू झाला की तो घोंगडी सावरून ताठ बसे. कान कुठे तयार झाला म्हणाल, तर गावच्या भजनात. आपल्या जिल्ह्यात सप्ताहाला सात दिवस वीणा खाली ठेवत नाहीत, पहाऱ्यावर माणसे बदलतात. सराला बेटाच्या सप्ताहाला जाणाऱ्याला रात्रभर सूर ऐकणे नवे नाही. पहाटे ललत, मग तोडी, आणि अखेरीस भीमसेनजींचे गाणे. त्यानंतर सवाई गंधर्वांची ध्वनिमुद्रित भैरवी लावत. ती संपेपर्यंत कोणी चपला शोधत नसे.

२००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सवलत देता येते, तेवढीच. नियम वाईट आहे असे मी म्हणणार नाही. आजारी माणसाच्या खिडकीखाली कर्णा लावणारे आपल्या गावातही आहेत. पण नुकसान झाले ते झालेच. मध्यरात्रीचे राग आता तिथे त्यांच्या वेळेला ऐकू येत नाहीत. आणि रात्री दहाला बैठक मोडली, तर नगरच्या माणसाने जायचे कुठे? मुक्कामाला पैसे मोजणे परवडत नाही म्हणून माझ्या त्या शेतकरी मित्राने येणे सोडले. श्रोत्यांत फेटा, टोपी आता मला क्वचितच दिसते. याविषयी कोणी फारसे बोलत नाही. पुण्यातल्या माणसाला घरी जाऊन झोपता येते, हे त्याचे कारण असावे.

भीमसेनजी २४ जानेवारी २०११ रोजी गेले. आता उत्सवाच्या नावात त्यांचेही नाव आहे. रेणुका स्वरूप शाळेचे पटांगण, मग रमणबाग, आणि २०१८ पासून मुकुंदनगरचे क्रीडासंकुल अशा जागा बदलल्या. गाणे दुपारीच सुरू होते, त्यामुळे सकाळच्या गाडीने गेले तर पहिले दोन-तीन कलाकार ऐकून रात्री घरी परतता येते. मी आता तसेच करतो. त्या मित्राला मोबाईलवर ध्वनिमुद्रणे घालून दिली आहेत. रात्रपाळीची लाईट आली की तो मोटार चालू करतो, बांधावर मोबाईल ठेवतो आणि मालकंस लावून गव्हाला पाणी देतो.