गावाचे घड्याळ

पडद्यावर खेळावयाच्या खेळांविषयी वडीलधाऱ्या माणसांचे मत सहसा चांगले नसते. त्या खेळांत धावपळ असते, शत्रू असतो, गोळीबार असतो. आणि मूल एकदा खेळावयास बसले की त्याला जेवणाचीही शुद्ध राहत नाही, अशी त्यांची तक्रार असते. ती सर्वस्वी खोटी आहे असे म्हणता यावयाचे नाही. परंतु जपानमध्ये एक असा खेळ जन्मास आला आहे की, त्यात शत्रू नाही, जिंकणे नाही, आणि घाई तर मुळीच नाही. खेळणाऱ्याने एका लहानशा गावात राहावयास जावे, झाडे लावावीत, मासे धरावेत, शेजाऱ्यांशी चार शब्द बोलावेत, एवढाच त्याचा विषय. शेजारी मात्र माणसे नव्हेत. कोणी मांजर, कोणी बेडूक, तर कोणी हत्ती!

या खेळाचे मूळ नाव ‘दोबुत्सु नो मोरी’, म्हणजे ‘प्राण्यांचे वन’. क्योटो शहरातील निन्टेंडो या कंपनीने तो १४ एप्रिल २००१ रोजी घरगुती कन्सोलसाठी जपानमध्ये प्रसिद्ध केला. पुढे ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग’ या नावाने तो जगभर पोहोचला. त्याची कल्पना कात्सुया एगुची यांची. एगुची टोकियोजवळील चिबा येथे वाढले. १९८६ साली नोकरीसाठी ते क्योटोस आले, तेव्हा कुटुंब आणि मित्र शेकडो किलोमीटर मागे राहिले. आपल्या माणसांत बसावे, बोलावे, खेळावे, यात केवढे सुख असते हे ती माणसे दूर राहिल्यावर त्यांच्या ध्यानात आले. पुढे त्यांचा स्वतःचा संसार झाला, तरी तीच अडचण निराळ्या रूपाने उभी राहिली. कामावरून घरी परतण्यास त्यांना फार उशीर होई आणि तोवर घरची मंडळी खेळून मोकळी झालेली असत. ज्यांच्या वेळा जुळत नाहीत अशा माणसांना एकत्र खेळता येईल काय, हा प्रश्न त्यांच्या मनात घोळत राहिला.

त्यांनी काढलेला तोडगा साधा, पण मोठा मार्मिक आहे. एका गावात चार घरे आणि चार माणसे. मात्र एका वेळी खेळावयाचे एकानेच. खेळाच्या कार्ट्रिजमध्येच एक घड्याळ बसविलेले होते. यंत्र बंद केले तरी ते चालूच राही. बाहेर सकाळ असली की गावातही सकाळ होई आणि बाहेर रात्र पडली की गावातही दिवे लागत. मुलीने दुपारी पत्र लिहून ठेवावे, भेटवस्तू पाठवावी. वडिलांनी रात्री घरी आल्यावर ते पत्र उघडावे. दोघे एकमेकांना खेळात कधीही भेटत नाहीत, तरीही दोघे एकाच गावचे रहिवासी असतात. हे सारे त्या घड्याळामुळे शक्य झाले.

२० मार्च २०२० रोजी या मालिकेतील ‘न्यू होरायझन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला. त्या वेळी साथीच्या रोगाने जगातील असंख्य माणसांना घरात कोंडून ठेवले होते. पहिल्या बारा दिवसांतच त्याच्या १ कोटी १७ लाखांहून अधिक प्रती खपल्या, यात नवल ते काय! एका कन्सोलवर एकच बेट असते आणि घरातील आठ जणांना त्यावर राहता येते. येथेही घड्याळाचेच राज्य आहे. उत्तर गोलार्ध निवडला असेल तर काजवे केवळ जून महिन्यात दिसतात आणि नदीच्या मुखाशी सामन मासा केवळ सप्टेंबरात गळाला लागतो. झाडाची फळे काढली की पुन्हा फळे धरण्यास तीन दिवस जातात. पकडलेले मासे व किडे वस्तुसंग्रहालयास देता येतात. तेथील विद्वान घुबड ते आनंदाने ठेवून घेते, पण किडा पाहताच त्याच्या अंगावर काटा उभा राहतो. घर बांधण्यास कर्जही मिळते. पहिल्या घराचे कर्ज ९८,००० ‘बेल’ इतके असते. त्यावर व्याज नाही आणि फेडीस मुदतही नाही. असा सावकार पृथ्वीच्या पाठीवर अन्यत्र आढळणे कठीण!

गंमत आहे ती सलगमच्या व्यापारात. रविवारी सकाळी सलगम विकत घ्यावयाचे आणि शनिवारपर्यंत केव्हातरी चढ्या भावाने विकावयाचे; पुढच्या रविवारी ते कुजून जातात. भाव दिवसातून दोनदा बदलतो. जपानी भाषेत सलगमला ‘काबु’ म्हणतात आणि कंपनीच्या समभागासही ‘काबु’ म्हणतात, हे कळले म्हणजे या थट्टेचा उलगडा होतो.

आता ज्याला धीर नाही असा खेळाडू काय करतो? तो कन्सोलच्या घड्याळाचे काटे पुढे सरकवितो. क्षणात फळे पिकतात, बांधकाम पुरे होते, जून उजाडतो. आपण कोणाचे काय नुकसान केले, असा त्याचा प्रश्न असतो, आणि तो अगदीच टाकाऊ नाही. काही मुलांना आठवड्यातून एकाच दिवशी खेळण्याची परवानगी असते. त्यांना सोमवार ते शनिवार हे गाव कधी दिसावयाचेच नाही. रात्री दहा वाजता गावातील दुकान बंद होते. उशिरा घरी येणाऱ्या माणसाने खरेदी करावी कधी? एकटा राहणारा मनुष्य आपल्या बेटावर असे करू लागला, तर त्यास दोष देण्याचे कारण नाही. त्याचे बेट, त्याचे दिवस.

परंतु जेथे एका बेटावर घरातील अनेक जण राहतात, तेथे गोष्ट वेगळी होते. कारण घड्याळ सर्वांचे एकच असते. थोरल्या भावाने दुपारी चार महिने पुढे ढकलले, तर धाकटीच्या बागेत चार महिन्यांचे तण माजते. काजवे पाहण्यासाठी रात्री आवर्जून बसलेल्या वडिलांपुढे ऑक्टोबर उभा राहतो. मग भावाने घाईघाईने काटे मागे फिरवावेत, तर आईने जपून ठेवलेले सलगम तत्काळ कुजतात. या खेळाचा नियमच तसा आहे. भावाने चोरी केली असे कोणी म्हणणार नाही. पण जे दिवस त्याने गिळले, ते त्याच्या एकट्याचे नव्हते. वेळा न जुळणाऱ्या माणसांसाठी रचलेल्या खेळात, त्यांना जोडणारा एकच धागा होता, आणि तोच त्याने ओढून तोडला.

खेळाच्या कर्त्यांना ही वृत्ती ठाऊक नव्हती असे नाही. जुन्या खेळात रीसेट्टी नावाचा एक तापट प्राणी होता. झालेली चूक पुसून टाकण्यासाठी कोणी नोंद न करताच यंत्र बंद केले, की पुढच्या वेळी तो जमिनीतून डोके वर काढी आणि त्या खेळाडूस लांबलचक बोल लावी. नव्या खेळात नोंद आपोआप होते, त्यामुळे त्या बिचाऱ्याचे ते काम गेले.

उलट बाजूचाही एक अतिरेक आहे. फार दिवस न गेल्यास शेजारी प्राणी विचारपूस करतात, घरात झुरळे होतात, आणि त्यामुळे काही मुलांना एक दिवसही चुकविणे म्हणजे अपराध वाटू लागतो. हे मात्र उगाच आहे. ती विचारपूस आधीच लिहून ठेवलेली असते; शेजारचा बेडूक काही खिडकीत वाट पाहत बसलेला नसतो. तण काढण्यास थोडा वेळ पुरतो.

खरी वाट पाहणारे असतात ते त्याच घरात, त्याच बेटावर वेगळ्या वेळी येणारे. घड्याळ फिरविण्याची सोय त्यांच्यापैकी कोणासही खुली आहे, आणि ते फिरविताना यंत्र इतर सात जणांची संमती विचारीत नाही. ती घरातच विचारावी लागते.