राखण करा, पण हात राखून

परवा कामानिमित्त सोलापुरात सात रस्त्यावर उतरलो. चहाच्या गाड्यावर दक्षिण सोलापूर तालुक्यातले तिघे शेतकरी भेटले. पिकापाण्याची विचारपूस झाली आणि बोलणे चोरीवर आले. एकाची विहिरीवरची मोटार गेली होती, तीही दुसऱ्यांदा. पाठोपाठ केबलही नेली. ऐन पाण्याच्या पाळीला कांदा वाळला. ते गृहस्थ चिडून म्हणाले, "साहेब, आता ठरवलंय. रातचं शिवारात कोण अनोळखी दिसला की इचारत बसायचं न्हाई. आधी हाणायचं, मग पोलिसाला फोन." बाकीच्या दोघांनी मान डोलावली.

मी विचारले, "मालक, पोलिसांत तक्रार दिली होती का?" नाही. "मोटारीचा नंबर कुठं लिहून ठेवलाय का?" तोही नाही. तिसरा प्रश्न विचारला, "आपल्या मंगळवेढ्याची माणसं राईनपाड्याला मारली, ते आठवतं का?" तिघेही गप्प झाले. एकाला अंधूक आठवत होते. म्हणून शेतकरी बंधूंनो, आज खते-औषधे बाजूला ठेवून हा विषय घेतला आहे.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातील राईनपाडा गावी आठवडा बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे भिक्षा मागायला उतरले. त्यातले बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातले. त्या दिवसांत मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवा मोबाइलवर फिरत होत्या. संशय आला, गर्दी जमली. पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि तिथेच मरेपर्यंत मारले. ग्रामपंचायतीची खोली म्हणजे जिथे आपण दाखला मागायला जातो, जिथे ग्रामसभेचे ठराव लिहिले जातात, ती जागा. त्यांचा गुन्हा एवढाच, की ते त्या गावचे नव्हते.

हे एकदाच घडले असते तर वेगळे. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा गाडीवान असेच जमावाच्या हातून गेले. सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या शेजारच्या जत तालुक्यात, लवंगा गावी, विजापूरहून पंढरपूरकडे निघालेल्या चार साधूंना मुले पळवणारे समजून बेदम मारले. नशिबाने ते वाचले.

आपल्या जिल्ह्याने हे जास्त जपायला हवे. पंढरपूर आपल्याकडे, अक्कलकोट आपल्याकडे. वारीत लाखो माणसे आपल्या रस्त्यांनी चालतात. कारखाने सुरू झाले की ऊसतोडीच्या टोळ्या फडाकडेला कोप्या घालतात. मेंढपाळ येतात, द्राक्षबागेत छाटणीचे मजूर येतात. आपल्याकडे अनोळखी माणूस हा रोजचाच आहे. दिसला की हाणायचा ठरवले, तर शंभरांत नव्व्याण्णव वेळा मार गरिबाला बसेल आणि चोर बांधावरून बघत राहील.

शिक्का मारण्याची जुनी खोड

पूर्वी गावाची राखण ही गावाच्या कारभाराचा भाग होती. जागल्या आणि रामोशी गावाचे रखवालदार असत. चोरी झाली तर माग काढायचा, माग दुसऱ्या गावच्या शिवेत गेला तर त्या गावाने पुढचा जबाब द्यायचा, अशी रीत होती. म्हणजे राखणीला नेमलेला माणूस होता आणि त्याच्यावर जबाबदारी होती.

इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आणला आणि जन्मावरून माणसे चोर ठरवली. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गावे राखली त्यांच्यावरही तो शिक्का बसला. सोलापुरात त्यासाठी तारेच्या कुंपणाची वसाहत होती. सेटलमेंट हे नाव शहरात अजून ऐकू येते, ते तिथलेच. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. कागदावरचा शिक्का पुसला, पण आपल्या मनातला पुसला का? गावात चोरी झाली की पहिले बोट कोणत्या पालाकडे जाते, हे ज्याने त्याने आठवून बघावे. संशय माणसाच्या वागण्यावर घ्यावा, जातीवर आणि कपड्यांवर नव्हे.

आधी आपला माल ओळखीचा करा

चोरी होते हे खरे, आणि ती शेतकऱ्याला कायमची मागे ओढते, हेही खरे. मोटार, केबल, ठिबकच्या नळ्या, शेळ्या, तोडणीला आलेले डाळिंब, काय म्हणून जात नाही? पण किडीचे जसे असते, तसेच इथेही. कीड पानावर दिसल्यावर फवाऱ्याला खर्च जास्त आणि गुण कमी.

मोटारीच्या पाटीवर कंपनीचा नंबर असतो, पण चोर पहिली ती पाटीच उपटतो. म्हणून मोटारीच्या बॉडीवर दोन ठिकाणी पंच किंवा ग्राइंडरने आपला गट नंबर आणि नावाची अक्षरे कोरून घ्या. स्टार्टरची पेटी, पाइप, ट्रॉली, स्प्रे पंप यांवरही तेच करा. पावती आणि नंबरपाटीचा मोबाइलवर फोटो काढून घरातल्या दुसऱ्या फोनवरही ठेवा. खुणेचा माल भंगारात खपवणे चोराला जड जाते. सापडला तर तो आपलाच, हे सिद्धही करता येते.

केबल चोरणाऱ्याला तांबे हवे असते. ते काढायला तो वरचे प्लास्टिक जाळतो. ओढ्यात किंवा पडिक रानात रात्री प्लास्टिक जळाल्याचा वास आला, सकाळी काळी राख दिसली, तर ती गोष्ट पोलीस पाटलांच्या कानावर घाला. वेळापत्रकाप्रमाणे लाइट असताना एकाच डीपीची लाइन गेली, तर वायरमनला लगेच कळवा. मात्र डीपीजवळ स्वतः जाऊ नका.

सौर पंप घेतलेल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत पाच वर्षांची दुरुस्तीची हमी विम्यासह आहे. पण चोरीची भरपाई मागायची तर पोलिसांतली फिर्याद हवी. 'कशाला ती झंझट' म्हणणाऱ्याचा हक्क तिथेच बुडतो.

जनावरांच्या कानातला बारा आकडी बिल्ला हा केवळ लसीकरणापुरता नाही. १ जून २०२४ पासून राज्यात बिल्ल्याशिवाय जनावरांच्या खरेदी-विक्रीला व वाहतुकीला बंदी आहे. ज्याच्या गोठ्यात बिनबिल्ल्याची जनावरे, त्याने चोराचे काम सोपे केले असे समजा. बिल्ल्याचा नंबर वहीत लिहा. जनावर चोरीस गेले की तो पोलिसांना आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात द्या.

शहरात येता तेव्हा

कांद्याची पट्टी घेऊन मार्केट यार्डातून निघालेला शेतकरी सात रस्त्यावर चहाला थांबतो आणि पैशाची पिशवी मोटारसायकलच्या डिकीत ठेवतो. डिकी उघडायला सराईताला फार वेळ लागत नाही. पट्टीचे पैसे शक्यतो खात्यावरच घ्या. रोख असेल तर आधी बँक, मग चहा. 'काका, अंगावर घाण पडली बघा' असे म्हणून कोणी जवळ आला तर पिशवी आधी घट्ट धरा. 'पुढे दंगल झालीय, आम्ही पोलीस आहोत, दागिने काढून रुमालात बांधा' असे सांगणारा पोलीस नसतो. हे आपल्या म्हाताऱ्या माणसांना घरी बसवून सांगा. मोबाइलवर सरकारी योजनेच्या नावाने आलेली फाइल उघडू नका. पैसे गेलेच तर तासाभराच्या आत १९३० ला फोन लावा. मोबाइल हरवला तर तक्रारीनंतर 'संचार साथी'वर तो बंद करता येतो.

गस्त अशी असावी

आता मुख्य मुद्दा. गावाची राखण हे गावाचेच काम आहे. ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या अनुसूचीत गावाचा आणि पिकांचा पहारा ग्रामपंचायतीच्या कामांत घातलेला आहे. पोलीस पाटलांचे पद ग्रामपोलीस अधिनियम, १९६७ प्रमाणे आहे. ग्रामसुरक्षा दलासाठी वेगळा कायदा शोधायला नको. सरपंच, पोलीस पाटील आणि ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे आपले पूर्वीचे ग्रामसेवक, यांनी पोलीस ठाण्याला कळवून ते रीतसर उभे करावे.

चार-चार जणांच्या पाळ्या लावा आणि प्रत्येक पाळीत एक तरी पोक्त माणूस घ्या. चावडीत वही ठेवा. आज कोण, किती वाजता, कुठून कुठे फिरले, काय दिसले, हे रोज लिहून सही घ्या. वही नसलेली गस्त चार दिवस चालते, पाचव्या दिवशी पारावरचा पत्त्यांचा डाव होतो. बॅटरी, शिट्टी आणि काठी एवढे पुरे. पिऊन आलेल्याला त्याच रात्री घरी पाठवा, मग तो कोणाचाही पोरगा असो.

एक फोन केला की साऱ्या गावाच्या मोबाइलवर एकाच वेळी आवाज जातो, अशी ग्रामसुरक्षा यंत्रणा राज्यातल्या अनेक गावांत वापरतात. आपल्या गावाची त्यात नोंद आहे का, ते पोलीस पाटलांना विचारा. पण त्यावरून काय बोलायचे हे आधी शिकून घ्या. ठिकाण, वेळ, काय घडले, एवढेच सांगा. 'चोर आले, धावा' एवढाच निरोप गेला तर दोनशे माणसे काठ्या घेऊन निघतात आणि त्यांना कोणाला शोधायचे तेच ठाऊक नसते. जमाव तयार होतो तो असाच.

अनोळखी माणूस दिसला तर चार हात लांबून विचारा: नाव काय, गाव कोणते, कोणाकडे निघालात? गाडीचा नंबर टिपा. उत्तर पटले तर वाट दाखवा, नाही पटले तर ११२ लावा. भाषा कळत नसेल तर भाषा येणारा माणूस बोलवा. कन्नड, तेलुगू बोलणारा माणूस सोलापूर जिल्ह्यात शोधावा लागत नाही.

आणि खरोखर चोरी करताना कोणी सापडलाच, तर? पळू देऊ नका, हे मीही म्हणतो. डोळ्यांदेखत गंभीर गुन्हा करणाऱ्याला धरण्याचा अधिकार सामान्य नागरिकाला आहे. नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४० तेच सांगते. पण त्याच कलमात त्याला विनाविलंब पोलिसांच्या हवाली करा, असेही आहे. मधल्या वेळेत मारण्याचा अधिकार कोणालाच नाही. धरलेल्या माणसाला उजेडात, उघड्या दाराच्या खोलीत बसवा, पाणी द्या, दोन वडीलधारी माणसे दारात उभी करा आणि गर्दीला घरी पाठवा. गावच्या पुढाऱ्याची खरी परीक्षा त्या अर्ध्या तासात असते.

नव्या न्याय संहितेचे कलम १०३ सर्वांनी समजून घ्यावे. पाच किंवा जास्त जणांनी मिळून जात, समाज, भाषा, जन्मस्थान अशा कारणावरून कोणाचा जीव घेतला, तर त्यातल्या प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप होऊ शकते. 'मी फक्त धरलं होतं', 'मी नुसता मागे उभा होतो' असे म्हणून सुटका होईलच, या भरवशावर राहू नका.

अजून एक गोष्ट हात जोडून सांगतो. चोरासाठी किंवा रानडुकरासाठी तारेच्या कुंपणात घरगुती लाइनचा करंट सोडू नका. तो गुन्हा तर आहेच, आणि पहाटे त्या तारेला चिकटतो तो बहुधा आपलाच गडी, आपलेच लेकरू किंवा आपला बैल. कुंपणाला झटका मशीन वेगळे मिळते. ते थांबून थांबून हलका झटका देते. ते नीट बसवून घ्या आणि पाटी लावा.

तक्रार हीच पहिली राखण

चोरी झाली की पहिले काम म्हणजे फिर्याद. जागेवरच्या पावलांवरून, चाकोऱ्यांवरून फिरू नका, फोटो काढा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या संहितेप्रमाणे हद्द कोणतीही असो, कोणत्याही पोलीस ठाण्यात गुन्ह्याची माहिती देता येते. त्यामुळे शहर आणि ग्रामीण हद्दीच्या वादात आपल्याला हेलपाटे नकोत. फिर्यादीची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. दहा मोटारी गेल्या आणि तक्रार एकच झाली, तर पोलिसांच्या कागदावर त्या शिवारात एकच चोरी झालेली असते. मग गस्तीची गाडी आपल्याकडे येणार तरी कशी?

गावच्या अधिकाऱ्यांना विनंती आहे, की येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या. दलातली नावे, पाळ्या, वही आणि 'संशयिताच्या अंगाला हात लावणार नाही' एवढा ठराव त्याच सभेत लिहून घ्या.

सात रस्त्यावरचे ते शेतकरी निघताना म्हणाले, "साहेब, मोटारीवर नाव कोरून घेतो. पण चोर सापडला तर राग आवरंल का, ते सांगता येत न्हाई." प्रामाणिक माणूस होता. म्हणूनच राग यायच्या आधी नियम ठरवावे लागतात. राईनपाड्याचे ते पाच जण भाकरीसाठी परगावी गेले होते. उद्या आपला पोरगा कामाला म्हणून अशाच एखाद्या गावात रात्री उतरेल. तिथल्या गस्तीने त्याच्याशी जसे वागावे असे आपल्याला वाटते, तसेच आपल्या गस्तीने इथे वागावे.