पोराचा दाखला घरच्या पेटीत ठेवा

रात्री नऊ-दहाच्या सुमारास गावात पोलिसांची गाडी येते. कुणाच्या तरी विहिरीवरची मोटार, नाही तर तिची केबल चोरीला गेलेली असते आणि कुणीतरी नाव घेतलेलं असतं. पंधरा-सोळा वर्षांचं पोट्टं भरल्या ताटावरून उठवून गाडीत बसवलं जातं. माय दारात उभी राहून रडते. बाप कोतवालाला उठवतो, कोतवाल त्याला पोलीस पाटलाकडे नेतो आणि पाटील म्हणतात, "सकाळी पाहू, साहेब ओळखीचे आहेत." तेवढ्यात एखादा मध्यस्थ उभा राहतो, पाच-दहा हजारांची सोय करा म्हणतो. सोय कशी होते हे शेतकरी वाचकांना सांगायला नको. घरातला कापूस मिळेल त्या भावात खेड्या व्यापाऱ्याच्या गाडीत जातो.

या सगळ्या धावपळीत एक गोष्ट मात्र कुणी करत नाही. पोराच्या वयाचा कागद कुणी सोबत नेत नाही. आणि पुढचं सगळं त्या एका कागदावर उभं आहे.

आजचा कायदा २०१५ चा आहे, तो १५ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. बाल न्याय कायदा म्हणून तो ओळखला जातो. घटनेच्या दिवशी ज्याला अठरा पूर्ण नाहीत तो मुलगा असो की मुलगी, या कायद्याने बालक. सरकारी भाषेत त्याला 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणतात. शब्द जड आहे, पण त्यातला अर्थ चांगला आहे. पोराला गुन्हेगार किंवा आरोपी म्हणायचं नाही, एवढंच त्यात सांगितलं आहे.

आता वय ठरवायचं कशावरून? कायद्याने क्रम लावून दिला आहे. पहिला मान शाळेच्या जन्मतारखेच्या दाखल्याला किंवा दहावीच्या प्रमाणपत्राला. ते नसेल तर ग्रामपंचायत किंवा नगर परिषदेचा जन्मदाखला. दोन्ही नसले तरच हाडांची तपासणी, आणि तिच्यात वर्ष-दोन वर्षांचा फरक पडू शकतो हे न्यायालयंही मान्य करतात. आधार कार्ड पुढे करून उपयोग नाही. ते ओळखीचं आहे, वयाचा पुरावा नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये एका अपघात भरपाईच्या प्रकरणात सांगितलं आहे.

इथेच आपल्या खेड्यांची अडचण सुरू होते. जुन्या पिढीत निम्म्या गावाचा जन्म एक जूनचा! पोराला शाळेत घालायला नेलं, गुरुजींनी तारीख विचारली, बापाने सांगितलं, "पोळ्याच्या आसपास झाला होता." गुरुजींनी हिशेब करून एक जून लिहून टाकलं. वय कमी पडत असेल तर वर्ष वाढवून लिहिलं, म्हणजे पोरगं पहिलीत बसेल. गुरुजींनी भल्यासाठीच केलं, त्यांना दोष कोण देणार? पण असं वाढवून लिहिलेलं वर्ष पुढे ठाण्यात अंगावर येतं. खरं वय साडेसतरा, कागदावर साडेअठरा. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांत लेकरू जन्मतं एका जिल्ह्यात आणि नोंद कुठल्याच गावात नसते. झरी-मारेगावकडच्या कोलाम पोडांवर आणि नेर-दारव्ह्याकडच्या पारधी बेड्यांवर तर ही अडचण अधिकच. पारध्यांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारणारा १८७१ चा इंग्रजांचा कायदा १९५२ साली रद्द झाला, पण चोरी झाली की पहिली गाडी अजून बेड्याकडेच वळते. तिथल्या पोराजवळ वयाचा कागद नसेल तर त्याचं वय समोरचा ठरवतो.

कागद नसला तर काय होतं, याचं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. १९९४ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात एका घरातल्या सात जणांचा खून झाला. प्रकरण भयंकर होतं, त्याबद्दल दुमत नाही. त्यात राजस्थानातून आलेला एक आरोपी होता. खटल्यात तो सज्ञान धरला गेला, १९९८ साली त्याला फाशीची शिक्षा झाली आणि ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत कायम राहिली. पुढे कित्येक वर्षांनी त्याच्या गावच्या शाळेतली नोंद बाहेर आली. घटनेच्या दिवशी तो साडेबारा वर्षांचा होता. २७ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो बालक असल्याचं मान्य करून त्याला सोडायला सांगितलं. तोपर्यंत अठ्ठावीस वर्षं तुरुंगात गेली होती आणि सुटला तेव्हा तो नागपूरच्या कारागृहात होता. बालकाला जास्तीत जास्त तीन वर्षं ठेवता आलं असतं. अल्पवयाचा मुद्दा कोणत्याही टप्प्यावर, अगदी निकाल लागून गेल्यावरही, मांडता येतो असं कायदा सांगतो, म्हणून तो वाचला. आपल्याकडचा कुणी मोठ्यांच्या तुरुंगात पडला असेल आणि घटनेच्या वेळी अठराच्या आत असेल, तर आजही न्यायालयात तसा अर्ज करता येतो.

आता पहिल्या रात्रीकडे येऊ. मुलाला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही. तासभर नाही, रात्रभर तर नाहीच. बेडी घालता येत नाही, मारून कबुली घेता येत नाही. प्रत्येक ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असावा लागतो, मुलाला त्याच्या ताब्यात द्यायचं आणि त्याने गणवेशात न राहता साध्या कपड्यांत बोलायचं. आई-बापाला लगेच कळवायचं. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत मुलाला बाल न्याय मंडळापुढे हजर करायचं. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्या दोघांत एक तरी महिला असतेच. मंडळाची बैठक त्या दिवशी नसेल तर एका सदस्यासमोरही हजर करता येतं, त्यामुळे सुटीचं कारण सांगून मुलाला ठाण्यात बसवून ठेवता येणार नाही.

त्याहून महत्त्वाचं असं की केबल चोरीसारख्या किरकोळ प्रकरणात मुलाला उचलून नेण्याचीच सहसा गरज नसते. नियम असा आहे की अतिगंभीर गुन्हा असेल किंवा मोठी माणसं सोबत असतील तरच मुलावर एफआयआर लिहायचा. एरवी ठाण्याच्या डायरीत नोंद करायची, मुलाच्या घरची हकिकत लिहून मंडळाकडे पाठवायची आणि कोणत्या दिवशी हजर राहायचं ते आई-बापाला सांगायचं. पोलीस पाटलांनी हे पाठ करून ठेवावं. "साहेब ओळखीचे आहेत" यापेक्षा "साहेब, पोरगं अठराच्या आत आहे, हा दाखला" हे वाक्य जास्त कामाचं आहे.

जामिनाचंही तसंच. मोठ्यांच्या कायद्यात जो गुन्हा अजामीनपात्र आहे त्यातही मुलाला जामीन द्यायचा, हा नियम. सुटल्यावर तो गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याच्याच जिवाला किंवा मनाला धोका होईल, किंवा न्यायाचा हेतूच बुडेल, अशी कारणं असतील तरच नाकारायचा. जामिनाची अट सात दिवसांत पुरी करता आली नाही तर ती बदलण्यासाठी मुलाला पुन्हा मंडळापुढे आणावं लागतं. जामीनदार मिळत नाही म्हणून पोरगं निरीक्षणगृहात, म्हणजे लोकांच्या भाषेत रिमांड होममध्ये, महिनोन्‌महिने राहावं असं कायद्याला मान्य नाही.

मे २०२४ मध्ये पुण्यात एका श्रीमंत घरच्या सतरा वर्षांच्या मुलाच्या गाडीखाली दोन तरुण अभियंते मेले. मंडळाने त्याच दिवशी जामीन दिला, अटींमध्ये तीनशे शब्दांचा निबंध होता. देशभर संताप उठला. मग त्याला निरीक्षणगृहात पाठवलं गेलं आणि २५ जूनला मुंबई उच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवून त्याला सोडायला लावलं. गावोगावच्या पारावर लोक म्हणाले, कायदा पैशावाल्याचा आहे. रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप त्या प्रकरणात पुढे आला, तेव्हा लोकांचा राग उगाच नव्हता. पण जामिनाचं ते कलम फक्त पुण्याच्या बंगल्यासाठी लिहिलेलं नाही. उमरखेडच्या शेतमजुराच्या पोरालाही ते तसंच लागू आहे. फरक एवढाच की बंगल्याकडे पहिल्या तासाला वकील पोचला आणि मजूर शंभर किलोमीटरवर यवतमाळला कसं जायचं याच्या विवंचनेत बसला.

वकिलाची फी नाही हेही कारण राहिलेलं नाही. बालकाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, घरचं उत्पन्न कितीही असो. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याला समिती आहे, १५१०० वर फोन लागतो. मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांक तर अंगणवाडीच्या भिंतीवरही असायला हवा. मध्यस्थाला द्यायचे पाच हजार त्यापुढे जड वाटावेत.

आता एका नाजूक विषयाबद्दल स्पष्ट लिहितो, कारण गावात तो कुजबुजीतच राहतो. सतराचा मुलगा, सोळाची मुलगी, दोघं निघून जातात. मुलीचा बाप फूस लावून पळवल्याची तक्रार देतो. २०१२ च्या पोक्सो कायद्यापुढे अठराच्या आतल्या मुलीच्या संमतीला अर्थ नाही, आणि शरीरसंबंध झाला असेल तर कमीत कमी शिक्षा दहा वर्षं. म्हणजे गुन्हा अतिगंभीर. मुलाला सोळा पूर्ण असतील तर मंडळ तीन महिन्यांत त्याची समज, परिस्थिती तपासतं आणि खटला मोठ्यांप्रमाणे चालवायला बालक न्यायालयाकडे पाठवू शकतं. सोळाला एक दिवस कमी असेल तर पाठवू शकत नाही. त्या एका दिवसाचा हिशेब शाळेच्या रजिस्टरात लिहिलेला असतो. मंडळाच्या अशा आदेशावर तीस दिवसांत सत्र न्यायालयात अपील आहे, ती मुदत घरच्यांनी चुकवू नये.

अशा वेळी गावची बैठक बसते आणि शहाणी माणसं सांगतात, "लग्न लावून द्या, मिटवून टाका." मिटत काही नाही. मुलगी अठराच्या आत असेल तर तो बालविवाह होतो. लावणारा, जमवणारा, मांडवात मिरवणारा असे सगळे नव्या गुन्ह्यात सापडतात, आणि बालविवाह रोखण्याची जबाबदारी असलेला ग्रामसेवकही अडचणीत येतो.

दुसरी एक वाईट खोड आहे. मारामारी मोठ्या भावाने केलेली असते आणि घरचेच ठरवतात, "धाकट्याचं नाव सांगा, तो लहान आहे, त्याले काही होत नाही." होतं. चार-सहा महिने मंडळाच्या तारखा होतात, शाळा सुटते, आणि घरानेच आपल्याला पुढे केलं हे पोरगं विसरत नाही. नदीपलीकडे वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. कुणी पोराच्या दप्तरात बाटल्या देऊन त्याला पलीकडे धाडलं, तर धाडणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड आहे. असा माणूस गावात माहीत असूनही आपण गप्प बसतो.

ट्रॅक्टरबद्दलही सांगायला हवं. चौदा वर्षांचं पोरगं ट्रॅक्टर चालवतं याचा आपल्याला अभिमान असतो. रस्त्यावर त्याच्या हातून कुणी दगावलं तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द आणि पोराला पंचविशीपर्यंत लायसन नाही. विमा कंपनीने मयताच्या घरच्यांना दिलेली भरपाई ती मालकाकडून वसूल करू शकते. ट्रॅक्टर कर्जाचा, वर ही वसुली. वावर विकण्याची पाळी येते.

पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं गावोगावी पहाटे सडकेवर धावताना दिसतात. त्यांच्या आई-बापाला भीती असते की एकदा नाव लागलं म्हणजे नोकरी गेली. तसं नाही. मोठ्यांप्रमाणे खटला चाललेली अतिगंभीर प्रकरणं सोडली तर बालपणीच्या प्रकरणामुळे कुठलीही अपात्रता येत नाही, आणि मिटलेल्या प्रकरणाची माहिती पोलिसांनी चारित्र्य दाखल्यात द्यायची नाही. केंद्रीय पोलीस दलाच्या भरतीतल्या एका उमेदवाराच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली असाच निकाल दिला. मुलाचं नाव, गाव, शाळा, फोटो छापणं हाही गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे आम्हा वर्तमानपत्रवाल्यांना लागू आहे, तसंच गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकणाऱ्यालाही.

पुढे परिविक्षा अधिकारी गावात चौकशीला येतो. घर कसं आहे, मुलगा शाळेत जातो का, शेजारी काय म्हणतात, हे लिहून नेतो, आणि त्या अहवालाला मंडळापुढे वजन असतं. सरपंचांनी त्या दिवशी गावात थांबावं. मागच्या निवडणुकीत या घराने कुणाचं काम केलं हे त्या वेळी आठवू नये.

राहता राहिला दाखला. रात्री शाळा उघडी नसते, म्हणून त्याची एक प्रत सातबारासोबत घरच्या पेटीत हवी. मूल जन्मल्यावर एकवीस दिवसांत ग्रामपंचायतीत नोंद करायला पैसा लागत नाही. वर्ष उलटलं तर मात्र दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही. शाळेतली तारीख चुकली असेल तर पोरगं शाळेत आहे तोवर जन्मदाखला दाखवून मुख्याध्यापकांकडे दुरुस्तीचा अर्ज द्या. शाळा सोडल्यावर ती तारीख बदलून घेणं फार अवघड जातं. आणि मुख्याध्यापकांनो, पहिलीच्या प्रवेशाला येणाऱ्या बापाने "पोळ्याच्या आसपास" म्हटलं, तर त्याला आधी ग्रामपंचायतीत पाठवा.