भोंगा वाजला, पण वादळ आलें नाहीं

वैशाखांत माळावर उठणारी वावटळ आपण सर्वांनीं पाहिली आहे. पाचोळा फिरवावा, एखाद्याचें उपरणें उडवावें आणि विरून जावें, एवढाच तिचा पराक्रम. ती तापलेल्या भुईवरून वर चढते. अमेरिकेंतील टोर्नेडो मात्र गर्जणाऱ्या मेघाच्या पोटांतून सोंडेसारखा खालीं उतरतो, आणि जमिनीस टेकला कीं घरेंच्या घरें उचलतो.

ता. १८ मार्च १९२५ रोजीं असा एक टोर्नेडो मिसूरी, इलिनॉय व इंडियाना या तीन संस्थानांतून सुमारें २१९ मैल धांवला. ६९५ माणसें मेलीं. डी सोटो गांवच्या शाळेंत ३३ मुलें गतप्राण झालीं. त्या दिवशींच्या हवामानाच्या अंदाजांत टोर्नेडो हा शब्दच नव्हता. असणार तरी कसा? लोक घाबरतील म्हणून तो शब्द वापरूं नये, असा तेथील हवामानखात्याचा जुना दंडक होता! ता. २५ मार्च १९४८ रोजीं फॉबुश व मिलर या दोन लष्करी अधिकाऱ्यांनीं ओक्लाहोमांतील आपल्या विमानतळापुरतें टोर्नेडोचें भाकीत केलें. तें त्याच संध्याकाळीं खरें ठरलें. दंडक सुटावयास १९५० साल उजाडलें.

आतां तेथें उलट कुरकुर ऐकूं येते: भोंगा फार वाजतो आणि वादळ येत नाहीं. इशाऱ्यांपैकीं बरेचसे पोकळ ठरतात, हें खोटें नव्हे. परंतु मेघांत वारा गरगर फिरत आहे एवढें रडार दाखवितें; तो भोंवरा भुईस टेकेल कीं नाहीं, हें आधीं निश्चित सांगणें आजही साधलेलें नाहीं. मग अशा इशाऱ्यास लबाडी कां म्हणावें? ता. २२ मे २०११ रोजीं मिसूरींतील जॉप्लिन शहरांत भोंगा वेळेवर वाजला होता. पुष्कळ लोक दुसरी खूण पटण्याची वाट पाहत राहिले. दीडशेंहून अधिक मेले. तळघरांतील फुकट गेलेला पाव तास आम्हांस तरी महाग वाटत नाहीं.

आणखी एक गोष्ट. असा दिवस एकाच वादळाचा नसतो. ता. २७ एप्रिल २०११ रोजीं अलाबामांत पहांटेच्या वादळानें विजेच्या तारा तोडल्या, कित्येक घरांतील रेडिओ मुके झाले. खरा कहर दुपारनंतर आला. त्या एका संस्थानांत दोनशेंहून अधिक माणसें दगावलीं. पहिलें वादळ ओसरलें म्हणून निर्धास्त होणाऱ्याचें घर अशा वेळीं सांपडतें.

आपल्याकडे टोर्नेडो क्वचितच; वीज मात्र दर वळवांत माणसें मारते. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेनें केलेली ‘दामिनी’ मोबाइलवर तिची आगाऊ सूचना देते. विद्यार्थ्यांनीं घरीं एवढेंच विचारावें, कीं गडगडाट ऐकतांच आपलीं माणसें शेतांतून कोठें धांवतात? बांधावरच्या आंब्याखालीं, असें उत्तर मिळालें, तर वळवापूर्वीं दुसरी पक्की जागा ठरवून घ्यावी, आणि त्या आंब्याखालीं बैलही बांधूं नयेत.