श्रेय बाटलीला?

कोथरूडच्या मावशीच्या सहा वर्षांच्या नातीला ल्युकेमिया झाला. दोन वर्षं केमो चालली, सोबत कुठल्याशा काढ्याची बाटलीही. पोर बरी झाली आणि फॅमिली ग्रुपवर आभार मानले ते काढ्याचे!

एकाच वेळी दोन बदल केले, तर बग कशाने गेला हे आम्ही सॉफ्टवेअरवालेही छातीठोकपणे सांगत नाही. इथे तर केमोमागे साठ वर्षांचे पुरावे आहेत. काढ्यामागे एक फॉरवर्ड.

औषधाने कर्करोग बरा होतो अशी जाहिरात करायला १९५४च्या कायद्याने बंदी आहे. कंपनीला जे छापता येत नाही, ते आपण फुकटात पसरवतो. ते वाचून कुणी केमो सोडली, तर त्या मुलाची गोष्ट ग्रुपवर येत नाही.

मावशी, एवढंच कर. त्या मेसेजमध्ये तीन शब्द घाल: केमोही चालू होती.