श्रावणबाळाचे नाव आणि कावडीचा भार

वृद्धाश्रमाचा विषय निघाला की आपल्या सुशिक्षित समाजाचा कंठ दाटून येतो. व्याख्यानमालांतून मुलांच्या कृतघ्नतेवर अश्रू ढाळले जातात, संस्कारांच्या ऱ्हासाचे दाखले दिले जातात, एकत्र कुटुंबाची महती गायली जाते आणि सभा विसर्जित होते. या अश्रूंच्या पुरात एक साधा प्रश्न मात्र वाहून जातो : त्या आश्रमात रात्री दोन वाजता पन्नास अंथरुणांमागे जागी माणसे किती असतात?

हा प्रश्न क्षुल्लक नाही. परावलंबी वृद्धाचे जीवित याच संख्येवर अवलंबून असते. अर्धांगवायूने खिळलेल्या माणसाची कूस दर दोन-तीन तासांनी बदलावी लागते. न बदलल्यास काही दिवसांतच माकडहाडाशी शय्याव्रण होतात, ते हाडापर्यंत पोचतात आणि संसर्ग रक्तात भिनला की प्राणावर बेतते. गिळण्यास त्रास होणाऱ्या आजीला घास भरवायला अर्धा तास लागतो. एकाच बाईने दहा जणींना भरवायचे म्हटले की घाई होते, अन्न श्वासनलिकेत जाते आणि न्यूमोनिया होतो. लघवीला न्यायला कोणी येत नाही म्हणून वृद्ध स्वतःच उठतो, पडतो, खुब्याचे हाड मोडून घेतो आणि बहुधा पूर्वीसारखा चालू शकत नाही. स्मृतिभ्रंश झालेल्याबरोबर रात्री फिरायला माणूस नसला की झोपेची गोळी किंवा पलंगाची पट्टी ते काम करते. आणि अखेरीस ‘वय झाले होते’ एवढे म्हणून सारे मोकळे होतात. यांतली कोणती आपत्ती सुनेच्या स्वभावातून उपजली? ती उपजली मनुष्यबळाच्या काटकसरीतून.

पैसा मोजला की काळजी आपोआप मिळते, अशी मध्यमवर्गाची समजूत आहे. ज्यांची ही श्रद्धा अढळ आहे त्यांनी फ्रान्सकडे पाहावे. ‘ऑर्पेआ’ ही वृद्धनिवास चालविणारी तेथील बलाढ्य कंपनी. जानेवारी २०२२ मध्ये पत्रकार व्हिक्टोर कास्टाने यांच्या पुस्तकाने तिच्या कारभारावरचा पडदा दूर केला. महिन्याला हजारो युरो मोजणाऱ्या वृद्धांचे डायपर आणि खाणेसुद्धा मोजूनमापून दिले जात होते, असा त्यांचा आरोप होता. सरकारी तपासणीनेही गंभीर दोषांवर बोट ठेवले. २०२३ मध्ये कर्जात बुडालेली ही कंपनी सार्वजनिक वित्तसंस्थेच्या नेतृत्वाखालील गटाला ताब्यात घ्यावी लागली. नफा खाजगी आणि दिवाळे सार्वजनिक, हा भांडवलशाहीचा जुनाच न्याय! अमेरिकेतील अर्थतज्ज्ञांचा २०२१ मधील अभ्यासही हेच सांगतो. खाजगी गुंतवणूक निधींनी विकत घेतलेल्या शुश्रूषागृहांत अल्पकाळासाठी दाखल झालेल्या ‘मेडिकेअर’च्या रुग्णांचे मृत्यू सुमारे १० टक्क्यांनी वाढल्याचे, तर शुश्रूषा करणारे हात घटल्याचे त्यांना आढळले. शुश्रूषेत यंत्राने वाचविण्यासारखे फारसे काही नसते. तेथे नफा वाढवायचा म्हणजे माणसे कमी करायची, आणि माणसे कमी करायची म्हणजे वृद्धाला ओल्यात पडू द्यायचे.

आता आपल्या घरच्या कायद्याकडे वळू. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा कायदा संसदेने २००७ मध्ये केला. वृद्धाला टाकून देणाऱ्यास त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. मुलांच्या बाबतीत कायद्याची भाषा अशी कर्तव्याची आहे. पण प्रत्येक जिल्ह्यात निराधारांसाठी निदान १५० जणांचा एक वृद्धाश्रम असावा, असे सांगणारे कलम १९ पाहा : शासन तो स्थापन ‘करू शकेल’, त्याच्या सेवांचा दर्जाही ठरवून देऊ ‘शकेल’. मुलाला आज्ञा आणि राज्याला मुभा! २०१९ च्या दुरुस्ती विधेयकात वृद्धनिवासांच्या नोंदणीची आणि किमान दर्जाची तरतूद होती. ते संमत न होताच २०२४ मध्ये सतराव्या लोकसभेबरोबर व्यपगत झाले. त्यासाठी कोणाचाही कंठ दाटून आला नाही.

महाराष्ट्राने तर वृद्धांच्या निवृत्तिवेतनाला श्रावणबाळाचे नाव दिले आहे. २०२३ मध्ये वाढ होऊन ते महिना १,५०० रुपये, म्हणजे दिवसाला पन्नास रुपये झाले. केंद्राचा ६० ते ७९ वयाच्या दरिद्री वृद्धासाठीचा वाटा तर महिना २०० रुपयांवरच वर्षानुवर्षे थिजला आहे. राज्याने श्रावणबाळाचे नाव घेतले आणि कावड मात्र दुसऱ्याच्या खांद्यावर दिली.

तो खांदा कोणाचा? सेवाभावी संस्थांचा, असे उत्तर मिळेल. त्यांतील अनेकांच्या निष्ठेबद्दल आम्हांला आदर आहे. पण करुणा ही रात्रपाळीची जागा घेऊ शकत नाही, आणि देणगीवर जगणाऱ्याला हक्काने जाब विचारण्याची वृद्धाची प्राज्ञा नसते. खरा भार आहे तो ब्यूरोमार्फत येणाऱ्या आया-मावश्यांच्या खांद्यावर. बारा-बारा तासांची पाळी, तुटपुंजा मेहनताना, ना प्रशिक्षण, ना हक्काची रजा. दुसऱ्यांचे म्हातारपण निभावणाऱ्या या स्त्रियांच्या स्वतःच्या म्हातारपणाची सोय कोणीच केलेली नाही. थकलेल्या हातांकडून हळुवारपणाची अपेक्षा करणे हा दांभिकपणा आहे. वृद्धाची सुरक्षितता आणि मावशीचा पगार हे दोन प्रश्न नव्हेत, एकच आहे.

नियम कडक केले तर छोटे आश्रम बंद पडतील, असा आक्षेप घेतला जाईल. तो खरा आहे, पण राज्याने पैसा द्यायचा नाही असे आधीच गृहीत धरले तरच. राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदाने वार्धक्यात सार्वजनिक साहाय्य मिळण्याचा हक्क मान्य केला आहे. तेव्हा अनुदान आणि तपासणी या दोन्ही गोष्टी राज्याने बरोबरच केल्या पाहिजेत.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. कायद्यातील ‘शकेल’च्या जागी ‘पाहिजे’ आले पाहिजे. प्रत्येक वृद्धनिवासाची नोंदणी व्हावी. रहिवाशांमागे दिवसा किती आणि रात्री किती सेवक असावेत हे बंधनकारक ठरावे. पडणे, शय्याव्रण, बांधून ठेवणे आणि मृत्यू यांची नोंदवही तपासणीस खुली असावी. सेविकांना आठ तासांची पाळी, प्रशिक्षण आणि किमान वेतन मिळावे. आणि देखरेख समितीत रहिवासी, नातेवाईक व सेविका यांना स्थान असावे.

कार्यकर्त्यांनी या कामासाठी अधिवेशनाची वाट पाहण्याचे कारण नाही. आपल्या तालुक्यातील वृद्धाश्रमात फळे वाटून छायाचित्र काढण्याची प्रथा आता पुरे झाली. तेथे सूर्यास्तानंतर जावे, अंथरुणे मोजावीत, जागे हात मोजावेत आणि तो हिशेब घेऊन जिल्हाधिकाऱ्यांच्या दारात बसावे.