अर्ध्या घराचा धडा

घर बांधणारा मनुष्य कुशल असावा, हें सर्वांसच मान्य आहे. परंतु ज्यांस त्या घरांत राहावयाचें त्यांस त्यानें आधीं विचारावें, हें फार थोड्यांस सुचतें. चिली देशांतील वास्तुविशारद आलेहांद्रो आरावेना यांस तें सुचलें, म्हणून त्यांचें कार्य आमच्या विद्यार्थ्यांपुढें ठेवावेंसें आम्हांस वाटतें.

इकीके शहराच्या मध्यभागीं क्विंता मोनरॉय नांवाच्या वस्तींत, अर्ध्या हेक्टर जागेवर, सुमारें शंभर गरीब कुटुंबें तीस वर्षें राहत होतीं. सरकारी मदत दर कुटुंबास ७,५०० डॉलर; जागा व बांधकाम दोन्ही तींतच भागवावयाचीं. तेवढ्यांत पुरें घर होईना. लोकांस शहराबाहेर हलविणें सोपें होतें. पण मग रोजगार, शाळा, दवाखाना सारेंच दुरावलें असतें. तेव्हां कुटुंबांबरोबर बैठकी घेऊन आरावेना व त्यांच्या सहकाऱ्यांनीं निराळा मार्ग काढला. चांगल्या घराचा जो अर्धा भाग गरिबास एकट्यानें बांधतां येत नाहीं, म्हणजे भक्कम सांगाडा, स्वयंपाकघर व न्हाणीघर, तेवढा त्यांनीं बांधून दिला, आणि शेजारीं जागा मोकळी सोडली. २००४ सालीं हें काम पुरें झालें. पुढें कुटुंबांनीं ती जागा आपल्या मिळकतीनें व आपल्या हातांनीं भरून काढली.

अशा बैठकींतील एक गोष्ट आरावेना सांगतात. पाणी तापविण्याचें यंत्र हवें कीं न्हाण्याचा टब, असें विचारतां लोकांनीं टब मागितला. कारण गॅसचें बिल भरण्यास त्यांजपाशीं पैसा नव्हता. हें विचारल्यावांचून कोणा विद्वानास कळलें असतें काय?

फेब्रुवारी २०१० च्या भूकंपानें व समुद्राच्या लाटांनीं कॉन्स्तितुसिओन हें गांव उद्ध्वस्त झालें, तेव्हांही त्यांनीं गांवकऱ्यांस विचारूनच शंभर दिवसांत आराखडा केला. लोक म्हणाले, प्रचंड लाट क्वचित् येते, पण पावसाचें पाणी दरवर्षीं तुंबतें. म्हणून केवळ भिंत न घालतां किनाऱ्यालगत झाडी लावण्याचें ठरलें; ती लाटेचा जोर मोडील, पाणी सामावून घेईल आणि लोकांस फिरावयास जागाही देईल.

२०१६ सालीं व्हेनिसच्या जगद्विख्यात वास्तुकला-प्रदर्शनाची मांडणी त्यांजकडे आली. प्रवेशाचीं दालनें त्यांनीं आदल्या वर्षीच्या प्रदर्शनाच्या टाकाऊ सामानांतून, १४ किलोमीटर भरतील एवढ्या धातूच्या पट्ट्यांतून, सजविलीं. त्याच सालीं त्यांस प्रिट्झकर पारितोषिक मिळालें.

गरिबास अर्धेंच घर कां, असा आक्षेप कोणी घेईल. आक्षेप रास्त आहे. उरलेलें अर्धें लोकांवर ढकलून सरकारनें हात झटकावे, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु कठीण अर्धें जाणत्यानें स्वतः पुरें करावें आणि उरलेल्यासाठीं दुसऱ्याच्या हातांवर विश्वास ठेवावा, यांत आम्हांस मोठें शहाणपण दिसतें.

आणि येथें आम्हां शिक्षकांस व पालकांस खालीं मान घालावी लागते. आम्ही तयार उत्तरें लिहून देतों. पालक मुलास न विचारतां त्याचा धंदा ठरवितात. वाचन, गणित, सचोटी हा भक्कम सांगाडा आम्हीं अवश्य उभारावा. पण शेजारची जागा मोकळी ठेवावी. विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकीं कोणी उद्यां पूल, घरें, रस्ते बांधील. त्यानें कागदावर पहिली रेघ ओढण्यापूर्वीं तेथें राहणाऱ्याच्या दारीं जावें, एवढेंच आमचें मागणें आहे.